शटर दाबायचे पैसे

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी समारंभाला आले होते, त्यामुळे त्या दिवशी फोटोंना तोटा नव्हता. पण कार्डासाठी लागणारा फोटो कुणा फोटोग्राफरचा नव्हता. टेबलावर कॅमेरा, समोर खुर्ची, ऑपरेटरनं बटण दाबलं की काम झालं. पुढे देशभर हेच झालं आणि आधारवरच्या आपल्याच चेहऱ्याला आपण आजतागायत हसतो आहोत. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. रेशन कार्ड, परीक्षेचा अर्ज, पासपोर्ट यांसाठीच्या छोट्या फोटोंवर त्याच्या दुकानाचं भाडं सुटायचं.

त्याआधी १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी मतदारांसाठी सचित्र ओळखपत्राचा आग्रह धरला, तेव्हा गावोगाव शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावून फोटो काढले गेले. सरकार तेव्हा फोटोग्राफरचं गिऱ्हाईक होतं. आज पासपोर्ट सेवा केंद्रात खिडकीवरच फोटो निघतो. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचा फोटो ॲपमधून चढवावा लागतो, घरकुलाचा हप्ता जोत्याचा आणि भिंतींचा जिओटॅग फोटो गेल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे सरकारला आज लागतात तितके फोटो पूर्वी कधीच लागत नव्हते. ते काढतात मेट, ग्रामरोजगार सेवक, कनिष्ठ अभियंता आणि अंगणवाडी सेविका, बहुतेकदा स्वतःच्याच मोबाइलवर.

फोटोग्राफीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचं पुढे काय होतं, हे पाहायला निघालो तेव्हा मला धरून चालण्यासारखा एकच धागा सापडला. फोटोचे पैसे कोण देतो आणि नेमके कशाचे देतो? शटर दाबायचे पैसे आता जवळजवळ कुणीच देत नाही. शटर दाबण्याआधी जे करावं लागतं आणि दाबून झाल्यावर जे उरतं, त्याचे पैसे अजून मिळतात. कॉलेजं यातलं पहिलं बऱ्यापैकी शिकवतात, दुसरं क्वचितच.

आपल्याकडे हे शिक्षण नवं नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. युरोपात ही कला जाहीर होऊन तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यालाही नोकरी अशी लागली नव्हती, धंदाच करावा लागला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. त्यांचं पोट डॉक्टरकीवर होतं.

आज जे.जे.च्या उपयोजित कला संस्थेत फोटोग्राफी हा पदवीतला एक विषय आहे. पुण्यात सिम्बायोसिस आणि भारती विद्यापीठ यांच्या फोटोग्राफीला वाहिलेल्या स्वतंत्र संस्था आहेत. शिवाय तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटपासून वर्षभराच्या डिप्लोमापर्यंतचे क्लास गल्लोगल्ली दिसतात. खासगी पदवीची फी वर्षाला लाखांत जाते. वर कॅमेऱ्याची बॉडी, दोन बऱ्या लेन्स, फ्लॅश आणि फोटो उघडताना दम न टाकणारा लॅपटॉप धरला, तर शिकून बाहेर पडतानाच डोक्यावर ईएमआय असतो. माहितीपत्रकांच्या मुखपृष्ठावर मात्र वाघ असतो, नाहीतर रॅम्पवरची मॉडेल. या दोन विषयांवर महाराष्ट्रात किती जणांचं घर चालतं, हे प्रवेश घेताना विचारून पाहावं. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांचं नाव घेतल्याशिवाय अशा संस्थांचं एकही उद्घाटन पार पडत नसेल. ते झेव्हियर्सचे विद्यार्थी होते आणि लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी करता करता पोर्ट्रेटकडे वळले. कोणता चेहरा कशासाठी लागतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे जाहिरात कंपनीत बसून त्यांनी आधीच पाहिलेलं होतं.

लग्नाच्या कामाकडे पदवीधर मुलं सुरुवातीला नाक मुरडतात आणि वर्षभरात तिथेच येतात. याला अपयश म्हणायचं कारण नाही. महाराष्ट्रात फोटोसाठी खिशातून रोख पैसे काढणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक वधूवरांचे आईबापच आहेत.

या धंद्याचं वर्ष पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम उघडतो आणि आषाढात देव झोपले की पडतो. मधले मुहूर्त मोजके, त्यात वर्तमानपत्रवाले ज्याला 'दाट तिथी' म्हणतात ते दिवस अगदीच थोडे. अशा दिवशी एकेका फोटोग्राफरकडे तीन-तीन ऑर्डरी असतात आणि माणसं कमी पडतात. नव्या मुलाचा शिरकाव तिथे होतो, सेकंड शूटर म्हणून. दिवसाला हजार-दोन हजारांपासून पुढे, कॅमेरा स्वतःचा असेल तर जास्त, असे आकडे मला पुण्यात आणि नाशकात ऐकायला मिळाले. चातुर्मासात काय, असं विचारलं की बारशी, डोहाळजेवणं, गणपती मंडळं आणि घरी बसणं, अशी यादी मिळते.

या कामात शिक्षणाचा उपयोग कुठे होतो हे पाहायचं असेल, तर अंतरपाट दूर होण्याचा क्षण पाहावा. शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं. गुरुजींचा सूर चढतो, बँडवाल्यांचं लक्ष गुरुजींकडे आणि पाहुण्यांचे मोबाइल हवेत. अंतरपाट बाजूला होतो, दोघं एकमेकांकडे पाहतात आणि त्याच सेकंदाला चारी बाजूंनी अक्षता पडतात. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चेहरा सोडून हवेतल्या तांदळावर जातो. मागे स्टेजवर एलईडीची भिंत असेल आणि शटरचा वेग चुकला, तर फोटोभर आडवे पट्टे येतात. व्हिडिओवाल्यानं आपला दिवा नवरीच्या तोंडावर रोखलेला असतो. एक काका ताटातली शेवटची मूठ फेकायला बरोबर कॅमेऱ्यासमोर येतात. हा फोटो पुन्हा काढता येत नाही. त्यामुळे जाणता फोटोग्राफर अर्धा तास आधीच फोकस कुठे धरायचा ते ठरवून ठेवतो, व्हिडिओवाल्याशी दिव्याचं बोलून घेतो, अंतरपाट धरणाऱ्या दोघांना तो कुठल्या बाजूला घ्यायचा ते सांगतो आणि काकांशी ओळख करून घेतो. यातलं अर्धं कॉलेजात शिकता येतं. उरलेलं अर्धं, म्हणजे काका, कार्यालयातच शिकावं लागतं.

क्षण टिपून झाल्यावरचं काम वेगानं बदलतं आहे. पूर्वी लग्न झालं की हजारो फोटोंतून निवड करायला, रंग सारखे करायला आणि बारा बाय छत्तीसच्या शीटवर अल्बम मांडायला मुलं ठेवलेली असत. अशा 'करिझ्मा' अल्बमचं डिझाइन शीटच्या हिशेबानं केलं जायचं, अजूनही केलं जातं. नवखा मुलगा आधी या खुर्चीवर बसायचा. दुसऱ्यानं काढलेले हजार फोटो पाहता पाहता काय चुकतं, काय साधतं, हे त्याच्या डोळ्याला कळायचं. आता मिटलेल्या डोळ्यांचे आणि हललेले फोटो सॉफ्टवेअर आपणच बाजूला काढतं, एका फोटोचा रंग सगळ्यांना लावतं. पाहुण्यांनी क्यूआर कोड स्कॅन करून सेल्फी काढला की चेहरा ओळखून त्यांचे फोटो त्यांच्या मोबाइलवर जातात. मालकाचे पैसे वाचले, ठीक आहे. पण नवख्याची ती खुर्ची गेली. एआयनं फोटोग्राफर संपणार का, यावर वाद घालणाऱ्यांपैकी या खुर्चीबद्दल बोलताना मला कुणी दिसलं नाही.

तिच्या जागी एक नवी आली, तीही सांगायला हवी. आता कार्यालयात फक्त आयफोन घेऊन फिरणारा एक वेगळा मुलगा असतो. हळदीचं रील जेवणाची पंगत उठायच्या आत इन्स्टाग्रामवर हवं असतं. बड्या कॅमेऱ्याच्या फाइली उघडून, रंग करून देईपर्यंत वऱ्हाड घरी पोहोचतं, म्हणून हा मुलगा. या कामाला पदवी लागत नाही, पण रीलमध्ये दर दोन सेकंदांनी काय दाखवायचं याची जाण लागते. २००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह डी मार्क टू या कॅमेऱ्यानं फोटो काढणाऱ्याच्या हातात सिनेमाच्या तोडीचा व्हिडिओ दिला, तेव्हाच फोटो आणि व्हिडिओ यांच्यातली भिंत पडायला लागली होती. 'मी फक्त स्टिल करतो' म्हणणारा पदवीधर आजच्या बाजारात स्वतःच अर्धं काम नाकारतो. ड्रोनचंही तेच. मात्र २०२१ च्या नियमांनुसार व्यावसायिक कामासाठी २५० ग्रॅमवरचा ड्रोन उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. लग्नाच्या ऑर्डरीत ड्रोन उडवणाऱ्यांपैकी किती जणांकडे ते असतं, हा प्रश्न कार्यालयाच्या लॉनवर विचारू नये.

दुसरं मोठं गिऱ्हाईक दुकान. ॲमेझॉनवर माल लावायचा तर मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूनं चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापायला हवा. असे फोटो दिवसाला शेकड्यांनी निघतात, नगावर पैसे मिळतात. मुंबई-ठाण्याच्या कॅटलॉग स्टुडिओंमध्ये पदवीधरांना खरोखरची, महिन्याच्या पगाराची नोकरी मिळते. नोकरी कंटाळवाणी आहे, हे करणारेही मान्य करतात. पण शिस्त लावणारी आहे. साडीच्या निऱ्या, बुटाची शिलाई, बाटलीवरची चकाकी, प्रत्येक गोष्ट सकाळी नऊला जशी दिसली तशीच संध्याकाळी सहाला दिसली पाहिजे.

नेमक्या याच नोकरीवर पहिली कुऱ्हाड पडते आहे. मार्च २०२३ मध्ये लिव्हाइस कंपनीनं एआयनं घडवलेल्या मॉडेलांचे प्रयोग जाहीर केले. २०२५ मध्ये एच अँड एमनं तीस खऱ्या मॉडेलांच्या डिजिटल प्रतिकृती करत असल्याचं सांगितलं. कुर्ता एकदा सपाट ठेवून टिपला की तो घालणारी मुलगी, तिच्यामागचा वाडा आणि वाड्यावरचं ऊन, सगळं संगणक पुरवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलच्या जेमिनीवर स्वतःचा फोटो देऊन जुन्या सिनेमातल्यासारखी शिफॉनची साडी नेसून घेण्याची लाट आली. आपल्या परिचयातल्या निम्म्या बायका तेव्हा फोनवर त्या साडीत दिसल्या असतील. हौसेचे पोर्टफोलिओ काढून देणाऱ्यांनी ती लाट गंमत म्हणून पाहिली नसावी. स्वस्त कॅटलॉग आणि हौशी पोर्ट्रेट या दोन्हींत पुढच्या पाच वर्षांत नव्या मुलांना पूर्वीइतकं काम राहील, असं मला वाटत नाही.

टिकेल असं वाटणारं काम अवघड वस्तूंचं. ठुशीचा फोटो काढून पाहा. सोन्याचे गोल मणी एकमेकांना चिकटून ओवलेले, आणि प्रत्येक मणी म्हणजे बारका आरसा. त्यात दिवा दिसतो, तिपाई दिसते, फोटोग्राफरचा चौकड्याचा शर्ट दिसतो. सगळीकडून पांढरं कापड लावून उजेड मऊ केला तर प्रतिबिंबं जातात, पण मण्यांचा गोलावाही जातो आणि ठुशी पिवळ्या पट्टीसारखी सपाट दिसते. मग काळ्या पुठ्ठ्याचे तुकडे नेमक्या कोनात उभे करून प्रत्येक मण्याला बारीक काळी कड आणावी लागते. समोरचा मणी स्पष्ट दिसला की मागचे अंधुक होतात, म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेऊन ते एकत्र करायचे. सोन्याचा रंग किंचित लाल गेला तरी सराफ परत पाठवतो, कारण गिऱ्हाईक दुकानात येऊन मोबाइलवरचा रंग हातातल्या दागिन्याशी ताडून पाहणार असतं. एआय सुंदर ठुशी काढून देतं. पण सराफाला विकायची असते त्याच्या तिजोरीतली, त्याच वजनाची आणि तितक्याच मण्यांची. काळा पुठ्ठा कुठे उभा करायचा हे ज्याला कळतं, त्याला झवेरी बाजार किंवा कोल्हापूरच्या गुजरीत काम मिळतं. हे कळायला प्रकाशाचा अभ्यास लागतो आणि तो चांगल्या कॉलेजात होतो. कॉलेजच्या बाजूनं बोलायचं तर माझ्याकडे याहून भक्कम मुद्दा नाही.

वृत्तपत्रांबद्दल थोडक्यात. शिकागो सन-टाइम्सनं मे २०१३ मध्ये आपले सगळे पूर्णवेळ फोटोग्राफर एका दिवसात काढून टाकले, त्यात पुलित्झर मिळवलेले जॉन व्हाइट होते. आपल्याकडे असं एका दिवसात घडलं नाही. कुणी निवृत्त झालं की जागा भरायची नाही, आणि बातमीदारानंच मोबाइलवर फोटो आणायचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर दहशतवादी कसाबचा फोटो मुंबई मिररच्या सेबॅस्टियन डिसूझा यांनी काढला आणि पुढे न्यायालयात त्याबद्दल साक्षही दिली. पगारी फोटोग्राफर जागेवर असणं म्हणजे काय, याचं दुसरं उदाहरण द्यायची गरज नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं जे काम केलं, तेही वृत्तपत्रातली नोकरी करत. त्या कामासाठी त्यांना कुणी ऑर्डर दिली नव्हती. महिन्याचा पगार होता म्हणून असली कामं उभी राहायची. आता ती शिष्यवृत्तीवर किंवा लग्नाच्या हंगामातून वाचवलेल्या पैशांवर होतात, आणि कमी होतात.

कमी बोलली जाणारी एक वाट जुन्या कागदांकडे जाते. पुण्यात भांडारकर संस्था १९१७ ची, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, मुंबईत एशियाटिक सोसायटी १८०४ ची. एशियाटिकनं आपले जुने ग्रंथ आणि वृत्तपत्रं 'ग्रंथसंजीवनी' या नावानं डिजिटल करून लोकांसमोर ठेवली. केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम' मोहीम जाहीर झाली. देशभरातल्या एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंद आणि जतन करायचं तिचं उद्दिष्ट आहे. एवढी पानं टिपायला माणसं लागणार. पोथीचं पान कॅमेऱ्याखाली सपाट करायचं पण दाबायचं नाही, दोन्ही बाजूंचा उजेड सारखा पाडायचा, शेजारी रंगपट्टी ठेवायची म्हणजे शंभर वर्षांनी पाहणाऱ्यालाही शाईचा मूळ रंग कळेल, आणि प्रत्येक फाइलला असं नाव द्यायचं की ती हरवणार नाही. दिवसभर हेच. काम कंत्राटी असतं, पैसे भरघोस नसतात. पण मोडी वाचता येणारा आणि कॅमेरा जाणणारा असा एकच माणूस हवा असेल तर तो मिळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी न्या. शिंदे समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडीवाचकांना एकाएकी किती मागणी आली ते आपण पाहिलं. फोटोग्राफीच्या पदवीत मोडीची एक सत्रपरीक्षा ठेवायला काय हरकत आहे?

आता कागदपत्रांचं. पदवीधर मुलांशी बोलताना सर्वांत जास्त अज्ञान इथे दिसतं आणि सर्वांत जास्त पैसाही इथेच गळतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम काय म्हणतं, हे माहीत असलेला विद्यार्थी मला क्वचित भेटला. फोटो काढणारा हा त्याचा कर्ता, म्हणून हक्क त्याचाच, असं सगळे धरून चालतात. पण कुणी मोबदला देऊन आपल्यासाठी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो कायद्यानं ऑर्डर देणाऱ्याचे. ते आपल्या इन्स्टाग्रामवर टाकायचे तर त्याची लेखी परवानगी हवी. बिस्किटाच्या पुड्याचा फोटो काढून दिला आणि तो पुढे दहा वर्षं प्रत्येक एसटीच्या पाठीवर झळकला, तरी फोटोग्राफरला वर एक रुपया मागता येत नाही. मागायचा असेल तर काम घेतानाच एक ओळ लिहून घ्यावी लागते: वापर कशासाठी, किती काळासाठी, कुठल्या माध्यमात. २०१२ च्या दुरुस्तीनं फोटोवरचा हक्क कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत वाढवला. तो हक्क पहिल्याच दिवशी न विचारता देऊन टाकला, तर या वाढीचा त्याला काय उपयोग?

थकबाकीचंही असंच. कंपन्या फोटो आज नेतात आणि बिल तीन महिन्यांनी काढतात. उद्यम पोर्टलवर नोंदणी फुकट होते. त्यात सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नाव असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे समोरच्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि मुदत उलटली तर व्याज चढतं. आयकर कायद्यातल्या अलीकडच्या बदलानंतर वेळेत न दिलेल्या अशा रकमेची वजावट कंपनीला ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते, त्यामुळे लेखा विभाग या नोंदणीक्रमांकाकडे हल्ली जरा आदरानं पाहतो. हा क्रमांक बिलाच्या डोक्यावर छापायला खर्च शून्य आहे. तरीही मी पाहिलेल्या बहुतेक नव्या फोटोग्राफरांच्या बिलावर लोगो फार देखणा होता आणि हा क्रमांक नव्हता.

तुळशीची लग्नं लागली की हंगाम पुन्हा उघडेल. यंदा पास झालेली मुलं कुणाच्या तरी मागे दुसरा कॅमेरा घेऊन उभी राहतील. जाण्याआधी त्यांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मूळ फाइली कुणाकडे राहणार, त्यातले दोन-चार फोटो स्वतःच्या नावानं दाखवता येतील का, आणि कार्ड बिघडलं तर जबाबदारी कुणाची. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावीत, तोंडी नकोत. आणि पैसे त्याच रात्री मागावेत, कारण दुसऱ्या दिवशी मालक दुसऱ्या कार्यालयात असतो.